पंधरा हजार सातशे किलोमीटर

१७ जानेवारी १९९९, रविवार

तिकीट हातात आलं. आमच्या सौ., म्हणजे आनंदी, पुढच्या महिन्यात अमेरिकेला जाणार, लेकीच्या बाळंतपणाला. मुंबईहून शुक्रवार १२ फेब्रुवारीला पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी सुटायचं, फ्रँकफर्टला विमान बदलायचं आणि त्याच तारखेला दुपारी साडेबाराला सॅन फ्रान्सिस्कोला उतरायचं. नम्रताला डॉक्टरांनी २४ तारीख दिली आहे. म्हणजे बारा दिवस हातात राहतात. मी तेहतीस वर्षं एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. इतकं मार्जिन मी कुठल्याही गाडीला दिलेलं नाही.

सकाळी नम्रताचा फोन झाला. जावई दत्तप्रसाद दिवसरात्र ऑफिसात असतो. दोन हजार साल उजाडलं की सगळे कॉम्प्युटर तारखा विसरणार आहेत म्हणे, ते होऊ नये म्हणून यांची फौज बसली आहे. नम्रता म्हणाली, "बाबा, तुम्हीपण यायला हवं होतं." मी म्हटलं, दोघंही गेलो तर आपल्या येरवड्यात नळाला पाणी कधी येतं याकडे कोण बघणार? ती हसली नाही. पासपोर्टचे फॉर्म तिनं गेल्या वर्षीच दोघांसाठी आणायला लावले होते. हिचा भरून गेला. माझा टेबलाच्या खणात आहे. फोटो बरा आला नव्हता म्हणून राहिला.

असो. प्रवास हिचा, नियोजन माझं. त्याची नोंद असावी म्हणून ही वही.

२४ जानेवारी, रविवार

शेजारच्या मन्सूरभाईंची सुमय्या सातवीत आहे. तिचा पृथ्वीगोल मागून आणला. मन्सूरभाईंचं रास्ता पेठेत पुस्तकबांधणीचं दुकान आहे, त्यांनी शिवणीचा मेण लावलेला दोराही दिला. असा दोरा ताणल्यावर लांबत नाही. मोजमापाला हीच गोष्ट महत्त्वाची.

गोलाचा घेर त्रेसष्ट सेंटिमीटर. पृथ्वीचा चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे एका सेंटिमीटरला सहाशे पस्तीस. मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणला तर तो युरोपकडे फिरकतसुद्धा नाही. सरळ उत्तरेला निघतो, ध्रुवाजवळून पलीकडे उतरतो. साडेतेरा हजार किलोमीटर. मग तिकिटाच्या रस्त्यानं मोजलं. फ्रँकफर्टपर्यंत साडेसहा हजारांच्या थोडं वर, तिथून पुढं नऊ हजार एकशे, मिळून पंधरा हजार सातशे. म्हणजे बावीसशे किलोमीटरचा वळसा. नगरची गाडी साताऱ्यावरून फिरवली तर मला चार्जशीट मिळालं असतं. इथं लोक हौसेनं बसतात.

वेळही काढली. उडण्याचे वीस तास दहा मिनिटं, फ्रँकफर्टचा थांबा तीन तास चाळीस मिनिटं. एकूण तेवीस तास पन्नास मिनिटं. तिकीट बघावं तर दहा तास वीस मिनिटंच दिसतात. बाकीचे साडेतेरा तास घड्याळ मागं केल्यानं गायब होतात. हे सगळं हिला नीट समजावून सांगितलं. ही मटार सोलत होती.

"म्हणजे मी अख्खा दिवस बसणार आणि कागदावर अर्धाच दिवस जाणार," ही म्हणाली. "बाळंतपणाच्या कळा अशा मोजून दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

समजलं असावं.

३१ जानेवारी, रविवार

आज रंगीत तालीम घेतली. जेवणाच्या टेबलामागं मी अमेरिकेचा अधिकारी होऊन बसलो. ही पर्स घेऊन स्वयंपाकघरातून आली. "हाऊ मेनी मंथ्स?" मी विचारलं. "सिक्स मंथ्स. डॉटर डिलिव्हरी." उत्तम. आवाज थोडा मोठा हवा, एवढंच सुचवलं. आपला आवाज लहान आहे हे या घरात पहिल्यांदाच ऐकलं, असं ही म्हणाली.

मग हिनंच मला विचारायला सुरुवात केली. विमान वर जाताना कानात दडे बसतात, तेव्हा काय करायचं? मी म्हटलं, गोळी चघळायची. "तुम्हाला कसं ठाऊक?" पुस्तकात आहे. "आणि पोटात गोळा येतो त्याला?" ते पुस्तकात नाही. मी उठून पाणी प्यायलो. लोहगावची विमानं आमच्या गच्चीवरून जातात तेव्हा मी खाली येतो तो आवाजाचा त्रास होतो म्हणून, हे हिला वीस वर्षं सांगतोय. ही दर वेळी "बरं" म्हणते.

सहा महिन्यांचं काही विशेष नाही. वरणभात येतो मला.

८ फेब्रुवारी, सोमवार

सगळं बांधून तयार आणि आज हिनं पंचांग काढलं. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल आहे. म्हणजे त्या दिवशी पश्चिमेचा प्रवास करू नये. मी पृथ्वीगोल पुढ्यात ठेवला, दोरा ताणला आणि दाखवून दिलं की अमेरिका खरं तर उत्तरेला आहे.

"विमान आधी फ्रँकफर्टला जातंय ना? ते कुठं आलं?"

मी गोल फिरवून पाहिला. उत्तरेकडं झुकलेलं आहे, पण पश्चिमेलाच आहे.

यावर उपाय हिच्याकडं तयार होता, प्रस्थान ठेवायचं. निघायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं. मग निघताना ती वस्तू उचलायची आणि तिथूनच पुढं जायचं, परत घरी आणायची नाही. हिच्या माहेरी सगळे असंच करत. बुधवारी सकाळी नऊच्या आत मन्सूरभाईंकडं ठेवायचं ठरलं. म्हणजे गाडी स्टँडमधून काढून फाटकाबाहेर उभी करायची आणि सुटली म्हणून लिहायचं. असली नोंद मी कुणाला करू दिली नसती, पण लांबच्या प्रवासाला निघालेल्या बाईशी वाद घालू नये.

१० फेब्रुवारी, बुधवार

प्रस्थान ठेवलं, आठ वाजून चाळीस मिनिटांनी.

हिनं कापडी पिशवीत रुमाल घातला, त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड. मला हे अर्धवट काम पटेना. तांदूळ-सुपारी काय अमेरिकेला जाणार आहे? प्रवास होतो तो पासपोर्टवर. करायचंच तर ते नीट करावं. ही देवापाशी निरांजन लावत होती तेवढ्यात मी तिच्या पर्समधून पासपोर्ट आणि तिकीट काढून पिशवीच्या तळाशी, रुमालाखाली सरकवलं. ऐन वेळी शोधाशोध नको, हाही फायदा. हिला बोललो नाही. निघताना पिशवी हातात घेतली की सांगेन. शास्त्र तिच्यापेक्षा मी काटेकोर पाळलं हे कळल्यावरचा चेहरा बघायचा आहे.

मन्सूरभाईंच्या घरच्या, बेगमभाभी, यांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. "भाभी, आता तुम्ही निघालात असं समजायचं ना?" त्यांनी विचारलं. ही म्हणाली, "निघाले. जीव तर कधीच तिकडं गेलाय."

१२ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी

काल लिहिता आलं नाही. विमान गेलं. ही घरीच आहे.

झालं ते क्रमानं लिहितो. गुरुवारी संध्याकाळी सहाला टॅक्सी यायची होती. दुपारी मी टॅक्सीवाल्याला पक्कं सांगायला चौकात गेलो, तिथून औषधांच्या दुकानात. ही मारुतीला नारळ फोडायला गेली. पाचला दोघंही परत आलो. साडेपाचला ही पिशवी आणायला शेजारी गेली तर दाराला कुलूप.

खाली सोनबा वॉचमनला विचारलं. "त्ये समदी नगरला गेली, सायेब. भाभीची आई वारली, दुपारी फोन आला. तीनला निघाली. तुमचं दार दोनदा वाजवलं भाभीनं, तुमी नव्हता."

नगरचा पत्ता आमच्याकडं नाही, फोन नंबरही नाही. हिनं कुलूप एकदा ओढून पाहिलं. मग म्हणाली, "गेली बिचारी. असू द्या. पिशवीचं काय एवढं? देवाला भाव कळतो. मनातल्या मनात उचलली म्हणते आणि निघते. चला, बॅगा काढा."

तेव्हा मला सांगावं लागलं.

ही जिन्याच्या पायरीवर बसली.  मी हिशोब सुरू केला. नगर एकशे पंधरा किलोमीटर, अडीच तास. तिथं घर शोधायचं, परत अडीच तास, मग मुंबई साडेचार तास. पहाटेचे तीन-साडेतीन होतात. विमान दोन दहाला. बसत नाही. कुलूप तोडलं तर दहा मिनिटं. बसतं. सोनबा म्हणाला, "लोखंडाची पार हाय माज्याकडं. दोन मिन्टात कडी काढतो." मी त्याला आण म्हणालो.

ही उठली आणि दारापुढं उभी राहिली.

"हात लावायचा नाही."

"अगं, मन्सूरभाई काही म्हणणार नाहीत. आपण सांगू ना त्यांना."

"आपण सांगायच्या आधी ते दार बघतील. आईला माती देऊन ती बाई घरी येईल आणि कडी उचकटलेली दिसेल. हे दार त्यांनी सहा वर्षांपूर्वी, दंगलीच्या दिवसांत कशासाठी बदलून घेतलं, आठवतंय ना? तिथून आपल्या दारापर्यंत येईस्तोवर तिच्या मनात काय काय येईल, हे मोजा तुम्ही."

ते मला मोजता आलं नाही. मी म्हटलं, "आणि नम्रता?"

"नम्रताला बारा दिवस आहेत. तुम्हीच सांगता."

टॅक्सी परत पाठवली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मन्सूरभाई दुपारी एकटेच परत आले. पिशवी देताना त्यांना सगळं कळलं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "काय साहेब, तोडायचं कुलूप. कुलूप काय, बाजारात शंभर मिळतात."  ही म्हणाली, "आधी बसा. काही खाल्लंय का कालपासून?" त्यांना वरणभात वाढला. माझ्या चुकीचा विषय तिथं निघालाच नाही, हे मला जास्त लागलं.

एजंटाकडं बसून नवी तारीख घेतली. सोमवार १५, तेच विमान, त्याच वेळा. २४ पर्यंत नऊ दिवस राहतात. नऊही पुष्कळ आहेत.

नम्रताला फोन केला. जागेचा काहीतरी घोळ झाला, तारीख बदलून दिली, असं सांगितलं. पोरीला या दिवसांत कशाला नको ते सांगायचं. फोन ठेवला तेव्हा ही मागं उभी होती. 

१३ फेब्रुवारी, शनिवार

ही कामापुरतं बोलते. भाजीत मीठ बरोबर आहे, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळचे साडेसात

आजचा दिवस जसा झाला तसा लिहून ठेवतो.

काल रात्री हिला मुंबईला पोचवलं. आत जाताना ही वळून म्हणाली, "दूध उतू घालवू नका." दोन दहाचं विमान दोन बाराला हललं. फलकावर पाहून खात्री केली आणि त्याच टॅक्सीनं परत आलो. थोडा झोपलो. अकराला ही फ्रँकफर्टला उतरलेली असणार. दोन चाळीसला तिथून पुढं. मी गोल टेबलावर घेतला, दोऱ्याचा मार्ग पेन्सिलीनं आखला आणि टाचणी लावली. मिनिटाला साडेतेरा किलोमीटर. दहा मिनिटांनी टाचणी दोन मिलिमीटर पुढं. काम अगदी ओळखीचं होतं.

चारला फोन वाजला. दत्तप्रसाद होता.

"बाबा, आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत. मध्यरात्रीच कळा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन तासांत होईल. नम्रता सारखी विचारतेय, आई कुठपर्यंत आली."

मी टाचणीकडं पाहिलं. "स्कॉटलंडच्या वर."

त्यानं रिसीव्हर तिच्या कानाशी धरला. तिचा श्वास ऐकू आला, बोलणं आलं नाही. मग आलं. "बाबा, वेळेत पोचेल ना आई?"

स्टँडवर गाडीचा पत्ता नसला की खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत असे, येतेच आहे, वाटेत आहे. तेहतीस वर्षांत हे वाक्य किती वेळा म्हणालो असेन. ते आताही जिभेवर आलं. पण समोर टाचणी होती. पुढचा सगळा समुद्र आणि अख्खी अमेरिका बाकी होती.

"नाही पोचणार, बाळा," मी म्हटलं. "विमानाचेच दहा तास आहेत अजून. आणि ते माझ्यामुळं. ती शुक्रवारीच यायची. पासपोर्ट मी भलत्याच ठिकाणी ठेवून बसलो. जागेचा घोळबिळ काही झाला नव्हता. मी खोटं बोललो तुझ्याशी."

पलीकडं कळ आली होती. कुणीतरी इंग्रजीत तिला श्वास घ्यायला सांगत होतं. मी रिसीव्हर घट्ट धरून बसलो. आता फोन बंद होईल असं वाटलं. माझी तयारी होती.

"बाबा."

"बोल."

"फोन ठेवू नका. आई कुठं आहे ते सांगत राहा."

मी सांगत राहिलो. स्कॉटलंड संपलं. आता खाली समुद्र. डाव्या हाताला काही नाही, उजव्या हाताला बेटं. तिनं विचारलं, आई काय करत असेल? मी म्हटलं, शेजारच्या बाईला लाडू देत असेल. ती हसली आणि हसता हसता ओरडली. पाच सव्वीसला आइसलंड आलं. तिथं जमिनीतून गरम पाणी निघतं, बंब तापवायची गरज नाही, तुझ्या आईला आवडलं असतं, असं काहीबाही बोललो. अंतर सांगितलं, उरलेलं अंतर सांगितलं. उरलेला वेळ तिनं विचारला नाही आणि मी सांगितला नाही. मधे मन्सूरभाई डोकावले, माझा चेहरा पाहून पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून गेले. पावणेसहानंतर तिला बोलता येईना. दत्तप्रसाद म्हणाला, बाबा, ती ऐकतेय, तुम्ही बोला. मी बोललो.

सहा वाजून पाच मिनिटांनी मी "ग्रीनलंडचा किनारा" असं म्हणालो आणि उत्तराला रडण्याचा आवाज आला. नम्रताचा नव्हे. बारीक, चिडका, दमदार.

मुलगी झाली.

मी रडलो. इतका आनंद आणि इतकी लाज मला एकाच वेळी कधी वाटली नव्हती. पासपोर्ट जागेवर असता तर आज हा आवाज हिनं ऐकला असता, ज्या लेकीसाठी महिनाभर डिंक तळला तिचा हात हिच्या हातात असता. आणि आता ही बर्फावरून चालली आहे, आपण आजी झालो हे तिला माहीत नाही, अजून आठ तास माहीत होणार नाही. तिथं निरोप देता येत नाही. मन्सूरभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "मुबारक, साहेब," आणि सुमय्याला साखर आणायला पाठवलं. तिच्या हातची साखर तोंडात घातली. ती गोड लागली, मग वाईट वाटलं की ती हिच्याआधी मी खाल्ली.

मी हिच्याबरोबर का गेलो नाही, याचं कारण पाण्याचा नळ नाही आणि फोटोही नाही. मला भीती वाटते. हे हिला माहीत आहे. मला वाटत होतं, नसेल.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सातला फोन आला. तिकडं संध्याकाळचे साडेपाच.

"पोचले," ही म्हणाली. "दत्तप्रसादचा मित्र आला होता घ्यायला. गाडीत सांगितलं त्यानं. मुलगी बरी आहे, नम्रता बरी आहे. नाक तुमच्यावर गेलंय, त्याला इलाज नाही."

मी म्हटलं, "तुला उशीर झाला."

"नऊ तास."

"माझ्यामुळं."

"हो, तुमच्यामुळं." हे तिनं सरळ म्हटलं, आणि मला बरं वाटलं. मग मागं कुणीतरी बाळाला जोजवत असल्याचा आवाज आला. ही हळू आवाजात बोलू लागली. "नम्रतानं सांगितलं मला सगळं. दोन तास फोन सोडला नाहीत म्हणे."

"मी काय करणार? मी इथं येरवड्यात बसलेला, साडेतेरा हजार किलोमीटरवर."

"असेल तुमच्या दोऱ्यावर," ही म्हणाली. "ती म्हणते, बाबा कानापाशी होते."